दोघं, दोन सॅक आणि दक्षिण चीनमधली खेडी

चीनला जाऊन आलेली बहुतेक मराठी माणसं बीजिंग, शांघाय आणि शीआनमधली मातीची सेना पाहून परततात. ते पाहण्यासारखं आहेच. पण ज्यांना खेड्यात राहायचं आहे, भाताच्या खाचरांतून चालायचं आहे आणि कुणाच्या तरी लाकडी घराच्या ओसरीवर बसून चहा प्यायचा आहे, त्यांना मी ग्वांगशी आणि ग्वेईझोऊ या प्रांतांच्या सीमेवरचा डोंगराळ पट्टा सुचवेन. इथे झुआंग, याओ, डोंग आणि मियाओ या समाजांची गावं आहेत. तिबेटसारखं वेगळं परवानापत्र लागत नाही, सहलकंपनीबरोबरच फिरायची अट नाही. गावं फार उंचावर नसल्यामुळे विरळ हवेचा त्रास होत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ग्वेईझोऊची राजधानी ग्वेईयांग ते दक्षिणेकडचं मोठं शहर ग्वांगझोऊ हा ८५७ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग सुरू झाला. तेव्हापासून पूर्वी दिवसदिवस बसमध्ये घालवून गाठावी लागणारी गावं काही तासांवर आली.

हा प्रवास दोघांनी करावा असं माझं ठाम मत आहे. तिथल्या खाणावळीत पदार्थ ताटाताटाने येत नाही, मोठ्या थाळीत मधोमध येतो. एकट्या माणसाला एकच भाजी खाऊन उठावं लागतं, दोघांना दोन-तीन चवी मिळतात. खोलीचं भाडं खोलीचं असतं, माणशी नसतं. शेवटची बस चुकली तर गाडीचा खर्च अर्धा होतो. मात्र त्यासाठी एक अट पाळा. वाटेत सोबती आजारी पडला किंवा दोघं वेगळे झाले, तर दोघांपैकी प्रत्येकाला उरलेला प्रवास एकट्याने नीट पार पाडता आला पाहिजे. पुढची जवळपास सगळी तयारी याच अटीतून येते.

आधी सोबती, मग तिकीट

जवळची मैत्री आहे म्हणून प्रवासही जमेल असं नाही. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी दोघांनी भरलेली सॅक घेऊन सह्याद्रीत दोन दिवसांची पायपीट करा. गावात मुक्काम होईल असं ठिकाण निवडा. राजमाची चालेल, भीमाशंकरच्या बाजूची एखादी वाटही चालेल. कोण किती वाजता उठतो, चढावर कुणाला किती वेळा थांबावं लागतं, भूक लागल्यावर कोण गप्प होतो आणि कोण चिडतो, हे तिथेच कळतं.

मग समोरासमोर बसून चार गोष्टी ठरवा. रोजचा खर्च माणशी किती झेपेल? दोघांच्या आकड्यांत फरक असेल तर कमी आकडा धरा, कारण जास्त पैसेवाल्याला हात आखडता घेता येतो, दुसऱ्याला नसलेले पैसे काढता येत नाहीत. खाण्याबाबत कोण काय चालवून घेईल? घोरणं, पहाटे उठणं, रात्री उशिरापर्यंत दिवा लावणं यांचं काय? आणि आठवड्यातून एक अर्धा दिवस दोघांनी वेगवेगळं फिरायचं, हे मान्य आहे का? ही शेवटची गोष्ट नवरा-बायकोंनीही पाळावी. चोवीस तास एकाच माणसाशी, एकाच भाषेत, एकाच खोलीत बोलत राहण्याचा थकवा चढावर चालण्याच्या थकव्यापेक्षा मोठा असतो.

हिशेबासाठी सामाईक पैशांचा डबा ठेवा. सुरुवातीला दोघांनी सारखी रक्कम टाकायची, खोली, जेवण, गाड्या आणि तिकिटं त्यातून द्यायची, डबा रिकामा झाला की पुन्हा सारखी भर घालायची. कापडचोपड, भरतकाम, दारू असल्या वैयक्तिक खरेदीचा डब्याशी संबंध नाही. फोनवरून पैसे देताना डबा प्रत्यक्षात नसतो, म्हणून रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं बसून वहीत लिहा. दुसऱ्या दिवसावर ढकललेला हिशेब भांडणाचं मूळ होतो.

कधी जायचं

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हे दोन काळ चांगले. मे-जूनमध्ये वाटेवरच्या लोंगजी या डोंगराळ भागातल्या खाचरांत पाणी भरलेलं असतं आणि अख्खा डोंगर आरशांच्या पायऱ्यांसारखा दिसतो. सप्टेंबरअखेर तीच खाचरं पिवळी होतात. जूनच्या मध्यापासून पाऊस जोर धरतो आणि नद्या झपाट्याने चढतात. जून २०२५ मध्ये रोंगजियांग शहर पुराच्या पाण्याखाली गेलं होतं. त्या दिवसांत जाणं झालंच तर नदीकाठचा मुक्काम टाळा आणि हवामानाचा इशारा रोज पाहा. ग्वेईझोऊत ढग आणि भुरभुर कायमचीच, त्यामुळे रेनकोट कुठल्याही महिन्यात हवा.

दोन आठवडे मात्र कटाक्षाने टाळा. १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय दिनाची सुट्टी आणि १ मेची सुट्टी. अख्खा देश प्रवासाला निघतो. रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. चांद्र नववर्षाच्या आगेमागेही हीच गत.

व्हिसा आणि विमान

भारतीय पारपत्रावर चीनमध्ये जाताना आधी व्हिसा काढावाच लागतो. इतर अनेक देशांच्या नागरिकांना तिथे मिळणारी २४० तासांची व्हिसाविना सवलत आपल्याला लागू नाही. पर्यटकांचा व्हिसा ‘एल’ प्रकारचा. महाराष्ट्रातल्यांना मुंबईहून अर्ज करता येतो. दोघांनी अर्ज एकाच वेळी करावा, दिवसवार बेत दोघांचा शब्दशः सारखा असावा आणि हॉटेलांच्या आरक्षणावर दोघांची पारपत्रातली पूर्ण नावं असावीत. एकाच्या नावावर दोघांची खोली असेल तर दुसऱ्याच्या अर्जात खुलासा करत बसावं लागतं. बेतात ग्वांगझोऊ, ग्वेईलिन, काइली, ग्वेईयांग अशी ठळक शहरांची नावं द्या. रद्द करता येण्याजोगी आरक्षणं करा, कारण खेड्यांतले मुक्काम पुढे बदलणार आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडिगोने कोलकाता ते ग्वांगझोऊ थेट विमान पुन्हा सुरू केलं आणि पाठोपाठ दिल्लीहूनही. या मार्गासाठी ग्वांगझोऊ हे सर्वांत सोयीचं दार आहे. दुसरा पर्याय हाँगकाँगचा. तिथून वेगवान रेल्वेने ग्वांगझोऊ तासाभरात येतं. पण हाँगकाँगमध्ये पाऊल ठेवायचं असेल तर भारतीयांना आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते, आणि चीनमधून हाँगकाँगला जाऊन पुन्हा चीनमध्ये यायचं असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो. पहिल्या खेपेला थेट ग्वांगझोऊच बरं.

मराठी माणसाचा ग्वांगझोऊशी एक जुना धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या वैद्यकीय पथकात होते, ते पाच जणांचं पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघून याच शहरात उतरलं होतं. चीनमधल्या जुन्या पिढीला कोटणीस ‘के दिहुआ’ या नावाने माहीत आहेत. भारतातून आलो हे सांगितल्यावर एखाद्या आजोबांनी हे नाव घेतलं, तर ते कुणाबद्दल बोलत आहेत हे ठाऊक असू द्या.

फोन आणि पैसे

दोघांपैकी एकाला यातलं कळतं आणि दुसरा त्याच्यावर सोडून देतो, असं सगळ्यात जास्त याच बाबतीत होतं. तसं करू नका. चीनमध्ये पैसे, तिकीट, नकाशा आणि भाषांतर हे सगळं फोनमध्येच असतं. तो एक फोन नाल्यात पडला तर दोघं एकदम अडकता.

गूगल, जीमेल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम वापरलं, तर डेटा बाहेरच्या देशातून फिरून येत असल्यामुळे ते सहसा चालतात. एकाने भारतीय रोमिंग घ्यावं, दुसऱ्याने ई-सिम. ज्या दरीत एक बंद पडेल तिथे दुसरं चालण्याची शक्यता राहते. ई-सिम घेणाऱ्यानेही भारतीय सिमवर एसएमएस येतील एवढं रोमिंग चालू ठेवायलाच हवं, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करा.

पैसे देण्यासाठी अलीपे आणि वुईचॅट पे ही दोन अॅपं. परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड २०२३ पासून त्यांना जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतं, म्हणून मोठं बिल दोघांनी वाटून दिलं तर तेवढे पैसे वाचतात. वुईचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे आणि पुढच्या याद्यांत आणखी चिनी अॅपं आली. तेव्हा घरी बसून सगळं जुळेल असं धरून चालू नका. पहिल्या तीन दिवसांचा खर्च भागेल एवढे रोख युआन भारतातूनच न्या आणि ग्वांगझोऊतला पहिला दिवस फोनच्या तयारीसाठी मोकळा ठेवा. पारपत्राचा फोटो देऊन ओळख पटवावी लागते. एकाने व्हिसा आणि दुसऱ्याने मास्टरकार्ड जोडावं, तेही वेगवेगळ्या बँकांचं. फक्त रुपे कार्डावर भिस्त ठेवू नका.

रोख रकमेत ५, १० आणि २० च्या नोटा भरपूर हव्यात. रोख घेणं दुकानदाराला बंधनकारक आहे, पण १०० चे सुट्टे त्याच्याकडे असतीलच असं नाही. एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये. खेड्यातली दोन पलंगांची साधी, स्वच्छ खोली १०० ते २०० युआनला मिळते, दोघांचं जेवण ६० ते ८० मध्ये होतं. गावांच्या प्रवेशतिकिटांचा खर्च मात्र लोक धरायला विसरतात. नावाजलेल्या गावांत शिरतानाच माणशी ६० ते १०० युआन मोजावे लागतात.

नकाशासाठी गूगलवर विसंबू नका. चीनमध्ये त्यातली जागा आणि प्रत्यक्षातली जागा यांत काहीशे मीटरचा फरक पडतो, आणि डोंगरात तेवढ्याने आपण ओढ्याच्या पलीकडे जातो. अॅमॅप, म्हणजे तिथलं गाओद, इंग्रजीतही चालतं. दोघांच्या फोनमध्ये प्रत्येक मुक्कामाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर चिनी लिपीत फोटो काढून ठेवा. तेच कागदावर छापून प्रत्येकाच्या सॅकेत, प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच पिशवीत दोघांच्या पारपत्र आणि व्हिसाच्या प्रती, विम्याचे क्रमांक, घरचे नंबर आणि दोघांच्या औषधांची यादी ठेवा.

सॅक

आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. ओल्या फरसबंदीवर न घसरणारे बूट, रेनकोट, पातळ उबदार जाकीट, डोक्याला लावायची बॅटरी आणि चांगला थर्मास पुरे. उकळतं पाणी स्टेशनात, रेल्वेत, प्रत्येक घरात फुकट मिळतं, बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. टॉयलेट पेपर नेहमी खिशात ठेवा. ओआरएस, पोटाची औषधं, क्रेप बँडेज, सर्दी-तापाच्या गोळ्या हे सामाईक सामान दोघांत विभागून घ्या, म्हणजे एक सॅक हरवली तरी निम्मं उरतं.

स्टेशनात शिरताना प्रत्येक सॅक तपासली जाते. चाकू जप्त होतो, मोठा स्प्रे काढून घेतात, स्टोव्हची गॅसची डबी नेता येत नाही. तंबू आणि स्टोव्ह घरीच ठेवा, या भागात गरज नाही. चीनमधल्या अंतर्गत विमानात पॉवर बँक न्यायची असेल तर तिच्यावर तिथली ‘थ्री-सी’ ही सुरक्षा-प्रमाणनाची खूण हवी. जून २०२५ च्या अखेरीपासून हा नियम आहे, आणि भारतात घेतलेल्या पॉवर बँकेवर ती खूण बहुधा नसते.

रेल्वेचं तंत्र

तिकिटं १२३०६ या सरकारी अॅपवर पंधरा दिवस आधी खुली होतात. पारपत्राची पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून दोघांनी आपापली खाती घरूनच उघडावीत. बुकिंग एकाच खात्यातून केलं तर जागा शेजारी मिळतात. छापील तिकीट नसतं, पारपत्र हेच तिकीट. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग कुणी विनवणी ऐकत नाही. पाऊण तास आधी पोचा.

एक ध्यानात ठेवा. वेगवान गाडीचं स्टेशन आणि त्या नावाचं गाव एकाच ठिकाणी असेल असं समजू नका. त्सोंगजियांग स्टेशन झाओशिंग गावाच्या अगदी जवळ आहे, पण खुद्द त्सोंगजियांग शहर तिथून बरंच लांब. स्टेशन आधी नकाशावर पाहा, मगच तिकीट काढा.

वाट: पंधरा-सोळा दिवस

ग्वांगझोऊहून ग्वेईलिन रेल्वेने अडीच-तीन तास. ग्वेईलिनजवळचं यांगश्वो आणि ली नदी सुंदर आहेत, पण गर्दी फार. वेळ कमी असेल तर मी ते वगळून सरळ लोंगजी गाठेन.

लोंगजीत दोन मुख्य गावं. पिंगआन झुआंगांचं, दाझाई लाल याओंचं. दाझाईत उतरा. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातल्या उत्तम पर्यटन-गावांत त्याची निवड केली. तरीही वरची थिएनतोउझाई वाडी शांत आहे. गाडीतळापासून वाडीपर्यंत पाऊण-एक तासाचा दगडी पायऱ्यांचा चढ आहे. तळाशी याओ बायका पाठीवर टोपली घेऊन सामान वाहून न्यायला उभ्या असतात. गुडघे दुखत असतील तर सॅक त्यांना द्या, भाव आधी बोटांनी ठरवा. वर दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी पहाटे खाचरांच्या पायऱ्या पाहा, दुसऱ्या दिवशी झोंगलिउ वाडीवरून पिंगआनपर्यंत चालत जा. चार-पाच तास लागतात. वाट खाचरांच्या बांधांवरून, बांबूच्या बनातून आणि थडग्यांच्या कडेने जाते. सोबतीने चालणाऱ्यांची चाल वेगळी असते, तेव्हा नियम असा ठेवा: पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं. फाटा ओलांडून पुढे जाऊन वाट बघायची नाही.

लोंगजीतून लोंगशेंगला उतरा आणि तिथून बसने सानजियांग. इथून डोंग समाजाचा मुलूख. सानजियांगजवळच्या चेंगयांगला नदीवर छप्पर असलेला लाकडी पूल आहे. बांधकाम १९१२ ला सुरू झालं, लाकूड लाकडात अडकवून, खिळ्यांशिवाय. पुलावर दोन्ही बाजूंनी बाकं आहेत आणि पाऊस आला की गावची माणसं तिथेच येऊन बसतात. आजूबाजूला आठ गावं आहेत, ती पायी फिरायला एक पूर्ण दिवस द्या. पुलाचा फोटो काढून संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्यांची गर्दी ओसरली की गाव गावासारखं होतं, म्हणून एक रात्र तरी राहाच.

सानजियांग दक्षिण स्टेशनवरून त्सोंगजियांग रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येतं, आणि तिथून झाओशिंग. या वाटेवरचं माझं सगळ्यात आवडतं गाव. डोंग गावांत प्रत्येक कुळाचा एक नगारा-मनोरा असतो, देवळाच्या शिखरासारखा थरांवर थर चढवलेला लाकडी. झाओशिंगला असे पाच मनोरे आहेत. त्यांच्याखाली म्हातारी माणसं शेकोटीभोवती बसलेली दिसतील. जवळ जाऊन बसलं तरी चालतं. नमस्कार करा, आणि जागा दाखवली तर बसा. शरदात गल्ल्यांतून दिवसभर कापड कुटण्याचा आवाज येतो. निळीत रंगवलेलं कापड लाकडी मोगरीने कुटून कुटून त्याला चकाकी आणतात. डोंगांचं समूहगान, ज्यात वाद्य नसतं आणि अनेक सूर एकाच वेळी गायले जातात, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. गावात संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होतो.

झाओशिंगच्या वर तांगआन वाडी आहे. २००५ मध्ये नॉर्वेच्या मदतीने तिथे डोंग संस्कृतीचं परिसर-संग्रहालय झालं, म्हणजे राहतं गाव हेच संग्रहालय. विजेच्या गाडीने वर जा आणि खाचरांतून दोन तासांत चालत उतरा. ज्याला चालायचं नाही त्याने गावात बसावं. वेगळं फिरायचा अर्धा दिवस घ्यायला झाओशिंगइतकी चांगली जागा नाही, भेटायच्या खुणेसाठी मनोरे आहेतच.

इथून पुढे दोन वाटा फुटतात. दोघांनाही चालायची हौस असेल तर त्सोंगजियांग शहरामार्गे बाशा हे मियाओ गाव आणि पुढे जियाबांगची खाचरं. रस्ता वळणांचा आहे, बस कमी आहेत, गाडी ठरवावी लागते, पण पर्यटक फार थोडे. दुसरी वाट रोंगजियांगची. २०२३ च्या मे महिन्यात इथे गावोगावच्या संघांची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि ती देशभर गाजली. भाजीविक्रेते, गवंडी, शिक्षक खेळतात, मध्यंतरात गावं आपापल्या पोशाखात नाचतात, प्रवेश फुकट असतो. सामने बहुतेक शनिवार-रविवारी असतात, त्याप्रमाणे दिवस जुळवा.

शेवटचा टप्पा काइलीचा, मियाओंचा. शीजियांग हे हजारांवर घरांचं सर्वांत मोठं मियाओ गाव. रात्री डोंगरभर दिवे लागतात तेव्हा दृश्य भव्य दिसतं, पण खालचा रस्ता सगळा दुकानांचा आहे. मी तिथे फार तर एक संध्याकाळ देईन आणि मुक्काम लांगदला करेन. लहान गाव, गारगोट्यांची नक्षी घातलेलं नाचाचं पटांगण, आणि काइलीहून लेईशानच्या रस्त्यावर असल्याने बस मिळते. काइलीत पोचल्यावर जवळपास बाजार कुठे आहे ते विचारा. आपल्या आठवडी बाजारासारखेच, पण इथे फेरा बहुधा पाच-सहा दिवसांचा असतो. त्यासाठी बेत एक दिवसाने बदलावा लागला तरी बदला.

मुक्काम

परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे २४ तासांत नोंद व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं. कुणाच्या घरी राहिलात तर घरमालकाबरोबर चौकीत जावं लागतं. २०२४ मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांना नाकारू नका असं सांगितलं खरं, पण लहान गावच्या लॉजवाल्याने आधी कधी परदेशी पारपत्र नोंदवलेलं नसतं. म्हणून आदल्या दिवशीच संदेश पाठवून ‘भारतीय पारपत्र, दोन माणसं, दोन पलंग’ एवढं चिनीत विचारून घ्या. जोडप्यांकडे लग्नाचा दाखला मागत नाहीत, दोघांचीही पारपत्रं मात्र लागतात.

घरं लाकडी, एकमेकांना चिकटलेली. जानेवारी २०१४ मध्ये ग्वेईझोऊतल्या बाओजिंग या डोंग गावात लागलेल्या आगीत शंभराहून अधिक घरं जळाली. खोलीत उदबत्ती, मेणबत्ती, सिगारेट, डासांची जळती कॉइल काहीही लावू नका, आणि फोन रात्रभर गादीवर चार्जिंगला ठेवू नका. भिंती फळ्यांच्या असतात. कुजबुजही शेजारी ऐकू जाते, दहानंतर बोलणं बंद ठेवा.

जेवण

मांसाहार करणाऱ्यांना अडचण नाही, पण काय खातोय ते विचारा. त्सोंगजियांग-रोंगजियांग भागात ‘न्युबिए’ नावाचा रस्सा मिळतो, तो बैलाच्या जठरातल्या अर्धपचित चाऱ्याच्या रसापासून करतात. काइलीचा आंबट रस्सा, त्यातला मासा आणि भात मात्र कोकणी जिभेला लगेच आपलासा वाटेल.

शाकाहाऱ्यांनी केवळ ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परततात, वर थोडा खिमा पेरतात, आणि त्याला कुणी मांस म्हणत नाही. कार्डावर चिनीत लिहून घ्या: मांस नाही, मासे नाहीत, डुकराची चरबी नाही, मांसाचं पाणी नाही, वनस्पती तेल चालेल. अंडं चालतं का तेही लिहा. बहुतेक स्वयंपाकघरांत भाज्या बाहेर मांडलेल्या असतात. बोटाने दाखवून मिरची-लसणावर परतून घेता येतात. टोमॅटो-अंडं, बटाट्याचे लांब काप, टोफू, हिरवी पालेभाजी आणि भात कुठेही मिळतं. ग्वेईझोऊत पांढरी, बारीक मुळी सगळ्यात घालतात, तिला माशासारखा उग्र वास असतो. ती वनस्पतीच आहे, पण नको असेल तर आधी सांगा. याओ आणि डोंग घरांत तेलात परतलेल्या चहापत्तीचा खारा चहा देतात, वर कुरमुऱ्यांसारखा फुगवलेला भात. तो नाकारू नका. एकाला अजिबात सोसला नाही तर दुसऱ्याने पिऊन घ्यावा.

सोबत्यांपैकी एक शाकाहारी आणि दुसरा नसेल, तर रोज एक तरी थाळी दोघांना चालेल अशी मागवा. ताटं कायमची वेगळी झाली की एकत्र जेवणंही कमी होत जातं.

बोलणं-वागणं

म्हाताऱ्यांपैकी अनेकांना मँडरिन येत नाही, त्यामुळे फोनवरचं भाषांतर तिथे थिटं पडतं. शाळेत जाणारी नात बोलावली जाते आणि ती मधे पडते. भावासाठी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवा, आणि एका हाताने मोजायची त्यांची पद्धत शिकून घ्या. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. बाजारात त्यामुळे गैरसमज टळतात.

चेहऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. अंत्ययात्रा, घरातलं देवघर, पोलीस, सैनिक यांचे तर नाहीच. भरतकाम घेताना फार घासाघीस करू नका, एका पट्टीमागे महिने गेलेले असतात. पारपत्र सतत जवळ बाळगा, कायद्याने ते लागतं, आणि दोघांची पारपत्रं एकाच पिशवीत कधीही ठेवू नका.

चुकामूक, आजार, मतभेद

चुकामुकीचे तीन नियम निघण्यापूर्वी पाठ करा. गावात चुकलात तर ठरलेल्या मनोऱ्याखाली किंवा पुलावर, दर तासाच्या ठोक्याला. डोंगरात चुकलात तर शेवटच्या फाट्यावर परत. एक गाडीत चढला आणि दुसरा राहिला, तर चढलेल्याने मधे उतरायचं नाही. ठरलेल्या स्टेशनावर उतरून बाहेरच्या दारापाशी थांबायचं, राहिलेल्याने पुढची गाडी पकडायची.

पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, अग्निशमन ११९. साध्या पोटदुखीला गावचा दवाखाना पुरतो, पण ताप दोन दिवसांत उतरला नाही, पाय सुजला किंवा कुत्रा चावला तर वाट न बघता जिल्ह्याच्या रुग्णालयात जा. तिथे पैसे आधी भरावे लागतात, नंतर विम्याकडून मागायचे. त्यासाठी डब्याबाहेरची, दोघांनी न मोडायची अशी रक्कम प्रत्येकाच्या कार्डावर ठेवा. आजारी माणसाजवळ थांबायचं, पुढचा बेत सोडायचा. हे घरी बोलून ठेवलं असेल तर तिथे कुणालाही संकोच वाटत नाही.

मतभेद झाले तर प्रश्न दिवसाचा की प्रवासाचा हे आधी पाहा. दिवसाचा असेल तर संध्याकाळपर्यंत वेगळे फिरा. प्रवासाचाच असेल, तर वाद घालत फरपटत नेण्यापेक्षा काइली किंवा ग्वेईलिनसारख्या रेल्वेच्या शहरात दोन-तीन दिवस वेगळे व्हा आणि पुढे कुठे भेटायचं ते लिहून घ्या. तिकीट, पैसे, नकाशा दोघांकडे असल्यामुळे ते शक्य होतं.

परतताना

काइलीहून ग्वेईयांग आणि तिथून रेल्वेने ग्वांगझोऊ, साधारण पाच तास. विमानाच्या आदल्या दिवशी ग्वांगझोऊत असा, त्याच दिवशी डोंगरातून निघू नका. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर तो कधी उघडेल हे कुणी सांगू शकत नाही. सामाईक डब्यात उरलेले युआन ग्वेईयांगलाच वाटून घ्या आणि शेवटच्या रात्रीपर्यंतचा हिशेब वहीत बंद करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास गेला असाल आणि व्हिसात चार दिवस शिल्लक असतील, तर लेईशान भागात मियाओंचं नववर्ष त्याच काळात, चांद्र दहाव्या महिन्याच्या आसपास येतं. तारीख दरवर्षी आणि गावागणिक बदलते, म्हणून काइलीत उतरल्या-उतरल्या मुक्कामाच्या मालकिणीला आधी तेच विचारा.